बुरुल, नाही

आमच्या घरात 'नाही' या शब्दाचा तुटवडा कधीच नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर आमच्या कोच्कोर गावभर पसरलं ते वेगळंच. म्हणे त्या घरात पोरीला 'नाही' म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून शेवटी सुनेला भर समारंभात, वडीलधाऱ्यांच्या देखत, किंचाळावं लागलं. यातलं निम्मंच खरं आहे. 'नाही' घरात भरपूर होता, पहाटे चूल पेटायच्या आधीपासून होता. "बुरुल, नाही, पेला इतका भरायचा नसतो, पाहुण्याला वाटेल आपण त्याला उठवतोय." "बुरुल, नाही, कणीक अजून मळ." "बुरुल, नाही, हा रुमाल असा नाही बांधायचा, तू काय बाजारात कांदे विकायला निघालीस?" फक्त हा सगळा साठा माझ्या एकटीच्या नावावर होता. माझ्या लेकीच्या, अक्मारलच्या, म्हणजे आमच्या मारलच्या वाट्याला त्यातला कणसुद्धा येत नव्हता.

येणार कसा? पहिलं मूल आजी-आजोबांचं. सून ते जन्माला घालते, न्हाऊमाखू घालते, आणि एकदा ते सासूच्या मांडीवर गेलं की तिथून उतरायचं नाव घेत नाही. मारल सासूबाईंना 'आई' म्हणते. मला काय म्हणते? सासूबाई म्हणतात तेच, फक्त दात कमी असल्यामुळे 'बुउल'. मला याचं वाईट वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण दुपारी, ती झोपलेली असताना, थोडंसंच. आत्ता ती झोपली आहे. उठायच्या आत सांगून घेते.

सुरुवात पाळणाघरापासून झाली.

मी शाळेत भूगोल शिकवते. शिकवायचे, आणि मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं की एक सप्टेंबरला पहिली घंटा होऊन तास सुरू होईल तेव्हा वर्गात असाल तर पुढेही शिकवाल. नसाल तर बदली आलेल्या बाईंनाच कायम करावं लागेल. या बदली बाईंना मी एकदाच पाहिलं. चांगल्या आहेत, हसतमुख आहेत. पण त्यांनी आपला कोट माझ्या खुंटीला टांगला होता, आणि माझा जगाचा नकाशा उलटा गुंडाळून ठेवला होता, सैबेरिया बाहेर येईल असा. त्या दिवशी मी ठरवलं की काही झालं तरी मी परत जाणार. आणि परत जायचं, तर मारलला पाळणाघरात जागा मिळायला हवी.

पाळणाघर दामिरा आसानोव्नांच्या हातात आहे. गावातल्या पोलिसालासुद्धा त्यांनीच एके काळी चड्डी घालायला शिकवलंय, त्यामुळे तो अजून त्यांच्यासमोर टोपी काढून उभा राहतो. मी मारलला घेऊन गेले. त्यांनी आम्हाला बसवलं, माझ्यापुढे टॉफ्यांची वाटी सरकवली, घ्या म्हणाल्या. टेबलावर एक चकचकीत पितळी घंटा होती. मी टॉफीला हात घातला, त्याच वेळी मारलने घंटेला. दामिरा आसानोव्ना सरळ, सपाट आवाजात म्हणाल्या, "नाही."

माझा हात तत्काळ मागे आला आणि मांडीवर जाऊन बसला. टॉफीसुद्धा तिथेच राहिली. मारलने आधी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं, मग दोन्ही हातांनी घंटा धरून ती खणखण वाजवली.

"आई पास झाली," दामिरा आसानोव्ना म्हणाल्या. "मुलगी नाही."

मग त्यांनी समजावलं. खोलीत कोळशाची भट्टी आहे, वर्गभर पोरं आहेत आणि सांभाळायला दोन बायका. आजीकडची पहिली मुलं त्या दारातूनच ओळखतात. बाकीची मुलं भट्टीजवळून जातात, ही भट्टीकडे जातात, जणू तिने बोलावणं धाडलंय. ऑगस्ट संपायच्या आत पोरीला पुन्हा आणायचं. 'नाही' म्हटल्यावर हात मागे आला, तर जागा तिची. नाही आला, तर पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी माझ्या खुंटीवर कुणाचा कोट असेल, हे मला न सांगता दिसत होतं.

मी घरी आले ती नुसती पेटून. एवढासा शब्द. मी पोरांना विषुववृत्त शिकवलंय, जे कुणी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. 'नाही' काय, चार दिवसांचं काम.

घरात धडा घ्यायला वस्तूही तयार होती. आमचा समोवार सासूबाईंच्या माहेरचा आहे. पोटात निखारे, डोक्यावर धुराडं, खाली चहाच्या पाण्याची तोटी. पितळ इतकं घासलेलं की मारलला त्यात दुसरी मारल दिसते, फुगलेल्या गालांची. ही दुसरी मारल तिला फार आवडते. दिवसातून पाच-पंचवीस वेळा ती तिचा पापा घ्यायला निघते. सासूबाई तिला मधेच उचलतात, आणि मग पंचाने समोवारला फटके देतात. "नाही, मेल्या, माझ्या बाळाकडे येतोस? नाही." समोवार बिचारा जागचा हललेला नसतो. असं आमच्या घरात 'नाही' दोघांनाच ऐकावा लागे, मला आणि समोवारला.

पहिल्या दिवशी मी मारलसमोर गुडघ्यांवर बसले. ती समोवारकडे निघाली तशी मी बोट वर करून, गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "नाही." ती थांबली. मला वाटलं, झालं काम. मग तिने माझ्याकडे पाहिलं, खदखदून हसली, टाळ्या वाजवल्या आणि पुढे निघाली. मी पुन्हा म्हटलं, ती पुन्हा हसली. अर्ध्या तासाने परिस्थिती अशी झाली की मी लांब बसले असले तरी ती मला शोधत यायची, समोवारकडे हात दाखवायची आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची, की ही आता ते मजेचं म्हणेल.

रविवारी माझा नवरा कुबात बिश्केकहून ट्रक घेऊन आला. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या आवाजात वजन नाही. आणि समोवारपाशी गेलेल्या पोरीला त्याने असा 'नाही' दिला की अंगणातली कोंबडी उडाली. मारलचा खालचा ओठ आधी थरथरला, मग बाहेर आला, मग जे रडणं सुरू झालं ते शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांनी ऐकलं. सासूबाईंनी मुलाला एक शब्दही बोलून दाखवला नाही. फक्त जेवताना सगळ्यांच्या वाडग्यात मांस पडलं आणि त्याच्या वाडग्यात नूडल्स. कुबातने ते निमूट खाल्लं आणि निघताना मला म्हणाला, हे शिकवण्याचं तूच बघ, तुझ्याकडे हातोटी आहे.

कुंपणापलीकडे शेकेर एजे राहतात, एजे म्हणजे ताई. त्यांनी सात मुलं वाढवली आहेत, त्यामुळे सल्ल्याच्या बाबतीत त्या कधी हात आखडता घेत नाहीत. सोमवारी त्यांनी सांगितलं की शब्द वाया घालवू नकोस, घोड्याला म्हणतात तसा एकदाच म्हण. मंगळवारी म्हणाल्या, अगं 'नाही' म्हणूच नये मुलांना, मन दुखतं, 'गरम' म्हण. बुधवारी म्हणाल्या, दृष्ट लागली असेल. हे शेवटचं त्या मला सांगत असताना त्यांचा धाकटा, वय वर्षं चाळीस, छपरावर चढून अँटेना हलवत होता, आणि सकाळपासून त्या त्याला खालून नको नको म्हणत होत्या. मी वर पाहिलं, पण काही बोलले नाही. शेजारधर्म असतो.

'गरम' मात्र मी करून पाहिलं. त्याला भलतंच यश आलं. मारल 'गम' म्हणायला शिकली आणि दोन दिवस जगातल्या एकेक वस्तूला म्हणत सुटली. समोवार गम. थंडगार दही गम. सासऱ्यांची टोपी गम. सासूबाई गम. म्हणायची आणि लगेच हात लावून बघायची, की खरंच आहे का. समोवार तेवढा दैवयोगाने विझलेला होता.

शेवटी माझ्या डोक्यात उजेड पडला तो चहाच्या वेळी. पाहुणे होते. मी पेले भरत होते, नेहमीप्रमाणे अर्धे अर्धे, पण बोलण्याच्या नादात एक पेला वरपर्यंत गेला. सासूबाई हलकेच म्हणाल्या, "बुरुल, नाही." माझा हात थांबला, किटली खाली आली. आणि सासूबाईंच्या मांडीवरून मारलने टाळ्या वाजवल्या.

मी तिच्याकडे बघतच राहिले. माझ्या लेकीला 'नाही'चा अर्थ केव्हाच कळला होता. आमच्या घरात ज्याने त्याने दाखवला होता तोच. 'नाही' म्हणजे बुउल थांबते. दामिरा आसानोव्नांच्या खोलीत तिने मला शाबासकीच दिली होती. एवढी हुशार मुलगी, आणि तिला वाटत होतं की हा शब्द जगात फक्त माझ्यासाठी बनवलाय. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी आत जाऊन बोरसोक तळायला घेतले. कणकेचे ते चौकोनी तुकडे तेलात टाकले की टम्म फुगतात, निदान त्यांचं तरी ठरल्यासारखं होतं.

दुखणं कळलं म्हणजे अर्धा इलाज झाला, असं म्हणतात. उरलेला अर्धा इलाज असा की घरात दुसऱ्या कुणीतरी 'नाही' ऐकायला हवा होता, आणि मारलने ते बघायला हवं होतं. कुणी ऐकायचा? सासूबाईंना कोण म्हणणार? मी? माझ्या तोंडून त्यांच्यासमोर मोठ्याने 'हो' सुद्धा कधी निघालेला नाही. मी कुजबुजते. सून कुजबुजतेच.

त्यातच दाखल्याची भानगड निघाली. पाळणाघराला गाव-समितीचा दाखला लागतो, मूल इथलंच आहे आणि आईची संमती आहे असा. मी गेले. समितीचा सेक्रेटरी सासऱ्यांबरोबर बुद्धिबळ खेळतो, आम्हाला सगळ्यांना ओळखतो. त्याने पेन उघडलं आणि विचारलं, मूल कोणाचं?

"माझं," मी म्हणाले.

"ते कागदावर झालं. मी विचारतोय, कोणाचं?"

 सगळ्या गावाने मारलला सासूबाईंना 'आई' म्हणून हाक मारताना ऐकलंय. त्याने पेन बंद केलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की उद्या तुझ्या सासूबाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या, की माझ्या पोरीला मला न विचारता कुठे पाठवलं, तर मी तोंड कुठे लपवू? त्यांना घेऊन ये. त्या हो म्हणाल्या की शिक्का तयार आहे.

म्हणजे आता घरात बोलणं भाग होतं. मी तीन दिवस वेळ शोधली. सासूबाई लोकर कातत बसल्या होत्या, मारल त्यांच्या पाठीवर लोळत होती. मी दाराशी उभी राहून, खाली बघून, कुजबुजत सगळं सांगितलं. पाळणाघर, शाळा, पहिली घंटा. खुंटीचंही सांगितलं, ते का सांगितलं कोण जाणे.

सासूबाईंनी चातीवरचा धागा गुंडाळला. मग म्हणाल्या, "पायातली दोरी न कापता?"

मी विसरलेच होते. मूल चालायला लागलं की त्याच्या पायात काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात, माणसं लांबून धावत येतात, आणि जो पहिला पोहोचतो तो ती कापतो. त्याशिवाय मूल जगात पाऊल टाकत नाही. टाकलं तर जन्मभर ठेचकाळतं. मारल दोन महिने चालत होती, पण सासूबाईंचे माहेरचे लोक मेंढ्या घेऊन वरच्या कुरणावर होते, म्हणून सगळं राहिलं होतं. सासूबाईंनी सांगून टाकलं. ते ऑगस्टअखेर खाली येतील. दोरी कापू. मग मी समितीत येते.

हो म्हणाल्या होत्या. अटीसकट, पण हो. मी आनंदाने इतकी भरून गेले की अंगण दोनदा झाडलं. तिसऱ्यांदा झाडताना लक्षात आलं की खरी मेख वेगळीच आहे. दोरी जो कापतो, मूल त्याच्या वळणावर जातं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी भूगोलाची शिक्षिका आहे, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण माझी दोरी मावशीने कापली होती आणि मी आजही तिच्यासारखी डावीकडे झुकून चालते. आणि सासूबाईंच्या मनातला धावणारा होता त्यांचा भाचा, जांगाझी.

जांगाझी वाऱ्यासारखा धावतो, यात वाद नाही. पण नदीवर पूल आहे आणि जांगाझी पुलावरून जात नाही. त्याला सांगितलं की पाणी चढलंय, जीप घालू नकोस, की तो घालतोच. मग सगळा गाव घोडे आणि दोर घेऊन जातो आणि जीप ओढून काढतो, आणि जांगाझी छतावर बसून लोकांना कसं ओढायचं ते सांगतो. त्याच्या बापाचा आवाज त्याला ओरडून ओरडून कायमचा बसलाय. त्याच्या हातून माझ्या मुलीची दोरी कापली गेली, तर दामिरा आसानोव्नांची घंटाच काय, भट्टीसुद्धा सुरक्षित राहणार नव्हती.

मी कट केला. एप्रनमध्येच, मागच्या वाटेने, आमच्या शाळेच्या व्यायाम शिक्षिकेकडे गेले. बेरमेत धावते उत्तम, आणि आज्ञाधारक इतकी की रिकाम्या रस्त्यावरसुद्धा हिरवा दिवा लागेपर्यंत उभी राहते. तिला मी सांगितलं की तू धावायचंच आणि जिंकायचंच. ती म्हणाली, नियमात बसत असेल तर जिंकेन. मला तिला मिठी मारावीशी वाटली.

समारंभाच्या दिवशी घरामागच्या मैदानात निम्मं गाव लोटलं. दामिरा आसानोव्नाही आल्या होत्या, न बोलावून कसं चालेल. त्या वडीलधाऱ्यांच्या रांगेत पाठ ताठ करून बसल्या. समोर लांबलचक दस्तरखान अंथरलेला, त्यावर पाव, बोरसोक, लोणी, जर्दाळूचा मुरंबा. टोकाला समोवार, त्या दिवशी इतका पेटलेला की धुराड्यातून ठिणग्या. मी दस्तरखानाच्या अलीकडे चहा ओतत होते, अर्धे अर्धे पेले. पलीकडे थोड्या अंतरावर सासूबाई मारलला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. मारलच्या पायात दोरी, सैलशी, पाऊलभर चाल मिळेल एवढी. नवीन मखमली जाकिटात ती अशी दिसत होती की मला दोनदा किटली खाली ठेवावी लागली.

मैदानाच्या त्या टोकाला धावणारे उभे राहिले. जांगाझीने बूट काढून फेकले. बेरमेतने आपल्या बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारली. सासरे रुमाल घेऊन उभे, रुमाल खाली आला की धावायचं. पण सासऱ्यांच्या नाकाशी माशी आली आणि रुमाल खाली यायच्या ऐवजी आडवा फिरला. जांगाझी सुटला. त्याला बघून बाकीचे सुटले. बेरमेत जागेवर उभी राहिली. रुमाल खाली आलेला नव्हता.

मी तिला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे सांगत नाही, ती मैत्रीण आहे.

जांगाझी येत होता. लोक उठून उभे राहिले, टोप्या उडायला लागल्या, शेकेर एजे मुरंब्याचा चमचा हवेत फिरवायला लागल्या. आणि सासूबाईंना राहवलं नाही. माहेरचा मुलगा, पुढे, एकटा. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि हाक दिली.

दोन्ही हात. मारल सुटी झाली.

ती धावणाऱ्यांकडे पाठ करून वळली. समोवार लखलखत होता, त्यात मखमली जाकिटातली दुसरी मारल उभी होती. पायातल्या दोरीने ती छोटी छोटी पावलं टाकत, दोन्ही हात पुढे करून निघाली. कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे जांगाझीकडे बघत होते. मला दिसलं, आणि माझ्या आणि तिच्या मध्ये तो एवढा दस्तरखान होता, पावांनी भरलेला.

"मारल, नाही."

तो आवाज माझा होता, असं मला नंतर सांगण्यात आलं. डोंगरावरून परत आला म्हणतात. मी तो ऐकला नाही, कारण तोवर मी उडी मारली होती. किटलीसकट, पावांवरून. सुनेने वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढवू नये, धावू नये, आणि पावावरून तर कुत्र्यानेसुद्धा जाऊ नये. मी तिन्ही गोष्टी एका दमात उरकल्या.

सगळं मैदान थांबलं. शेकेर एजेंचा चमचा हवेत राहिला. सासरे रुमालासकट थिजले. सासूबाई, दोन्ही हात वर, तोंड उघडं, तशाच उभ्या. आणि जांगाझी, ज्याला नदी थांबवू शकली नाही, तो असा जागच्या जागी थांबला की मागचे दोघे त्याच्या पाठीवर आदळले.

मारलचा हात पितळेपासून वीतभर होता. तो तिथेच राहिला. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे, मग जांगाझीकडे. सगळे उभे. एवढी मोठी मोठी माणसं, एका शब्दाने. तिचे डोळे असे विस्फारले, जसं तिला काहीतरी फार मोठं कळलंय. मग तिने हात सावकाश मागे घेतला, पाठीमागे लपवला, आणि धपकन खाली बसली.

मी तिथे पोहोचून तिला छातीशी धरलं, तेव्हा माझी किटली अजून माझ्या हातात होती आणि तिच्यातला चहा माझ्या बुटात.

 मग सासऱ्यांनी टोपी सारखी केली, ते आमच्यापर्यंत चालत आले आणि विचारलं की पहिलं कोण पोहोचलं. शेकेर एजे म्हणाल्या, हे कसं चालेल, आई कधी आपल्या मुलाच्या शर्यतीत धावते का? सासरे म्हणाले की नियम पोहोचण्याचा आहे, नात्याचा नव्हे. मैदानाच्या त्या टोकावरून बेरमेतचा आवाज आला, की नियमानुसार बरोबर आहे.

सासूबाई कात्री घेऊन आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी खाली बघितलं.

"एवढा आवाज होता तुझ्यात," त्या म्हणाल्या, "आणि मला चार वर्षं वाटतंय, माझे कान गेले."

  समोवारकडे त्यांनी एकदा पाहिलं, पण त्या दिवशी त्यांनी त्याला फटका दिला नाही.

"तू थांबवलंस," त्या म्हणाल्या. "आता तूच सोडव." आणि कात्री माझ्या हातात दिली. मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं, "पावांवरून उडी मारलीस त्याचं संध्याकाळी बघते."

मी दोरी कापली. मारलने माझं बोट धरलं आणि आम्ही दोघी मैदानात चाललो, ती पुढे, मी मागे, माझ्या बुटातून पचक पचक आवाज येत होता. लोकांनी मिठाया उधळल्या. मला वाटलं मी आत्ता पुन्हा एकदा ओरडेन, यावेळी नुसतीच.

दामिरा आसानोव्नांना मी आशेने चहा दिला. त्या म्हणाल्या, मी सगळं पाहिलं, पण परीक्षा ती परीक्षा. म्हणून सासूबाईंनी समितीत जाऊन दाखल्यावर हो म्हटल्यावर आम्ही तिघी पाळणाघरात गेलो. टेबलावर घंटा, वाटीत टॉफ्या. मी टॉफीला हात घातला, सासूबाईंनीही घातला, मारलने घंटेला. "नाही," दामिरा आसानोव्ना म्हणाल्या. माझा हात मांडीवर आला. मारलने आजीकडे पाहिलं. सासूबाईंचा हात टॉफीवर होता.  मारल बघत होती. सासूबाईंनी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, टॉफी वाटीत परत ठेवली आणि हात मांडीवर घेतला. मग मारलने दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवले, अगदी आमच्यासारखे.

"जागा तिची," दामिरा आसानोव्ना म्हणाल्या. "आता तिघी टॉफ्या घ्या."

एक सप्टेंबरला मी पहाटेच उठले. पांढरा ब्लाऊज, हातात फुलं. सासूबाई बरोबर आल्या, काखेत बोरसोकची पिशवी, पोरीला मधेच भूक लागली तर म्हणून. वाटेत मी सगळी तयारी करून ठेवली होती. ती रडेल, मी रडणार नाही. ती माझ्या स्कर्टला धरेल, मी बोटं एकेक करून सोडवीन. रुमाल दोन घेतले होते, दोन्ही माझ्यासाठी.

पाळणाघराच्या दारात मारलने माझं बोट सोडलं. आत एक लाकडी घोडा होता. ती उंबरा ओलांडून सरळ चालायला लागली. मला राहवलं नाही. मी वाकले, तिला मागून जवळ घ्यायला हात पुढे केले, आणि माझ्या शेजारून सासूबाईही पिशवी घेऊन आत शिरायला लागल्या.

मारल वळली. भुवया जवळ आणल्या. एवढासा तळवा आमच्यासमोर उभा केला.

"बुउल, नाही," ती म्हणाली. सूर थेट सासूबाईंचा होता.

मी थांबले. माझे हात हवेतच राहिले. सासूबाईंचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता, त्यांनी तोही बाहेर घेतला. आतून दार लागलं. काचेतून दिसलं, ती घोड्यावर चढायला बघत होती, आणि भट्टीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

आम्ही दोघी दाराबाहेर उभ्या. सासूबाईंनी पिशवी उघडली, एक बोरसोक मला दिला, एक स्वतः घेतला. "कात्री तुझी, वळणही तुझंच लागलं," चावत चावत म्हणाल्या. त्यांचे डोळे ओले होते, पण ते मी पाहिलं नाही असं दाखवलं, सून म्हणून तेवढं जमतं मला.

तेवढ्यात टेकडीवरून शाळेची पहिली घंटा ऐकू आली. मी फुलं छातीशी धरली आणि पळत सुटले. डोक्याचा रुमाल सुटला. बाजाराच्या रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, सून अशी पळत नसते, हे मला ठाऊक होतं, म्हणून माझे कान मागेच होते. आणि हाक आलीच.

"बुरुल."

मी जागच्या जागी थांबले. सवय. वळून पाहिलं. सासूबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, पिशवी काखेत, हात तोंडाशी धरून.

"पळ," त्या म्हणाल्या.